ब्लँको काउंटीतलं कुंपण: कायोटी प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी २०२४, शनिवार

तीन कोंबड्या गेल्या. लेक सकाळी दाणे घालायला गेला आणि दाण्याचा डबा तसाच भरलेला घेऊन परत आला. काही बोलला नाही, डबा ओट्यावर ठेवला. तेव्हाच कळलं.

शेजारचे आजोबा (वय ऐंशीच्या पुढं, जन्म याच रस्त्यावरचा) कुंपणापलीकडून म्हणाले, "कायोट." इथले जुने लोक शेवटचा 'ई' गिळतात. ऑस्टिनमधल्या आमच्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकला, तिथंही तोच निकाल: कायोटी. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "ओटी? कुणाची ओटी?" मग सांगावं लागलं की हा आपल्या कोल्ह्याहून मोठा, लांडग्याहून लहान, पिवळट करड्या रंगाचा प्राणी आहे. "मग कोल्हाच म्हण की," आई म्हणाली. घरात आता कोल्हाच म्हणतो. या नोंदीत मात्र कायोटी लिहीन, कारण टेक्सासमध्ये खोकडही आहेत आणि गोंधळ नको.

खरं तर मला तो कायोटी वाटत नाही. तिन्ही कोंबड्या आतच पडलेल्या, जाळीला चिकटून. मुंडकी नाहीत, मानेची पिसं जाळीच्या छिद्रांत अडकलेली, धड जवळजवळ जसंच्या तसं. कायोटी असता तर त्यानं कोंबडी उचलून नेली असती, मागं पिसांचा ढीग आणि एखादा पंख राहिला असता. इथं कुणीतरी बाहेर उभं राहून हात आत घातला आणि मान ओढली. पाण्याच्या भांड्याशी चिखलात पंजाचा ठसा सापडला, पाच बोटं पसरलेली, रांगत्या बाळाच्या हातासारखा. रकून, मांजराहून मोठा, हातासारखे पंजे वापरणारा इथला निशाचर.

म्हणजे पहिल्याच दिवशी आळ चुकीच्या माणसावर. वही सुरू करायचं कारण हेच. उद्या परत काही झालं तर आधी बघायचं, मग नाव घ्यायचं.

१४ जानेवारी, रविवार

खुराडं उघडून परत बांधलं. आधीची जाळी षटकोनी छिद्रांची, पातळ तारेची. ती कोंबडीला आत ठेवते, बाकी कुणाला बाहेर ठेवत नाही. आता अर्धा इंच चौकोनी छिद्रांची वेल्ड केलेली जाळी चारी बाजूंनी, स्टेपल नाही तर वॉशर लावून स्क्रू. खाली दोन फूट रुंदीची तीच जाळी बाहेरच्या अंगाला जमिनीवर आडवी पसरून दगड ठेवले. खणणारा प्राणी भिंतीच्या अगदी बुडाशी खणतो, त्याला दोन फूट मागं सरकून खणायचं सुचत नाही. खोल चर खणण्यापेक्षा हे सोपं, आणि आमच्या जमिनीत चर खणणं म्हणजे दगड फोडणं.

कडी बदलली. साधी वर उचलायची कडी रकून सहज उघडतो, म्हणून आता स्प्रिंगचा हुक. दरवाजा आपोआप बंद होणारा घेतला, उजेड कमी झाला की खाली येतो.

थंडीनं बोटं बधिर. उद्या संक्रांत, तीळ अजून भाजायचेत.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

रात्री साडेनऊला कोल्हेकुई. पश्चिमेकडून, कोरड्या ओढ्याच्या बाजूनं. नवरा म्हणाला, "दहा-बारा तरी असतील." मलाही तसंच वाटलं असतं, पण यांचा गळा फसवा आहे. नर-मादी दोघंच असली तरी प्रत्येक जण सूर इतक्या झपाट्यानं बदलतो की टोळी आहे असं वाटावं. जानेवारी ते मार्च हा त्यांचा जोडीचा हंगाम, म्हणून सध्या आवाज जास्त.

पहाटे कुंपणाला फेरी मारली. अकरा एकरांना आधीच्या मालकानं शेळ्या-मेंढ्यांची चार फुटी जाळी लावून घेतलेली आहे. ठेकेदारानं सरळ रेषेत तार ओढली आणि जमीन मात्र वरखाली. त्यामुळं उतारावर जाळीखाली सहा-सात इंचांची फट, एक नाही, मी मोजल्या तर चौदा. घर घेताना आम्ही कुंपण 'आहे' एवढंच बघितलं होतं.

ओढ्यावरची फट सगळ्यात वाईट. तिथं जाळीच्या खालच्या तारेला केस अडकलेले, बुडाशी तांबूस, टोकाला काळे. खालची वाळू घासून गुळगुळीत झालेली, अगदी गावाकडं घुशीच्या बिळाचं तोंड होतं तशी. ठसे लांबट, अंडाकार, अडीच इंचांचे, पुढच्या दोन नखांच्या खुणा जवळजवळ. कुत्र्याचा ठसा गोल असतो, नखं चारी बाजूंना फाकलेली. शिवाय कुत्रा इकडंतिकडं हुंगत नागमोडी जातो, हा सरळ रेघ मारल्यासारखा गेलाय. कामाला निघालेला माणूस जातो तसा.

कॅमेरा तिथंच एका देवदाराला बांधला. (इथं सगळे देवदारच म्हणतात, आहे तो ज्युनिपर.)

११ फेब्रुवारी, रविवार

एक करडू गेलं. चांदणीचं, बारा दिवसांचं, पांढऱ्या कानांचं.

शेळ्या सात, बोकड एक, करडं नऊ होती. रात्री गोठ्यात घ्यायची असं ठरलेलं, पण काल संध्याकाळी पाहुणे होते आणि मोजणी झाली नाही. ही नोंद माझ्या नावावर.

आजोबांना बोलावलं. ते सुरी घेऊनच आले. करडू लाइव्ह ओकच्या झाडाखाली पडलेलं, पोटाच्या बाजूनं खाल्लेलं. मला वाटलं ते बंदुकीचंच बोलतील. त्यांनी आधी गुडघे टेकले, करडाचं डोकं मांडीवर घेतलं आणि जबड्याखालून मानेची कातडी सोलायला लागले, हळूहळू, संत्र्याची साल काढावी तशी. आत कातडीच्या खालच्या बाजूला चार भोकं आणि त्यांच्याभोवती काळंनिळं साकळलेलं रक्त. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. रक्त साकळलंय म्हणजे चावा बसला तेव्हा ते जिवंत होतं. आधीच मेलेल्याला कुणी येऊन खाल्लं असतं तर भोकं दिसली असती, हा निळा डाग नसता. कानाच्या खाली, घशावर, एकाच जागी पकड: कायोटी. कुत्र्यांचं काम असं नसतं; ती मागच्या मांड्या, शेपूट, कान फाडतात, पाच-सहा जनावरं जखमी करतात आणि खात काहीच नाहीत.

सोललेली कातडी त्यांनी परत जागेवर ओढून बसवली. कशासाठी, माहीत नाही. मला ते बरं वाटलं.

चांदणी दिवसभर त्या झाडाखाली जाऊन ओरडत होती. दूध काढून टाकावं लागलं, सड तटतटले होते.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

मारायचं का, यावर घरात दोन दिवस वाद. टेक्सासमध्ये जनावरांवर हल्ला करणाऱ्या किंवा नुकताच केलेल्या कायोटीला मारायला जमीनमालकाला शिकारीचा परवानासुद्धा लागत नाही. आजोबा म्हणाले, "मॅम, मी रात्री येऊन बसतो." त्यांचं बोलणं उगाच नाही. हा सगळा एडवर्ड्स पठाराचा भाग एके काळी मेंढ्यांचा आणि मोहेर नावाच्या लोकरीसाठी पाळलेल्या शेळ्यांचा. मैलोन् मैल जाळीची कुंपणं, सापळे आणि विष वापरून गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत इथून कायोटी जवळपास संपवला होता. मग मेंढपाळी कमी झाली, जमिनींचे तुकडे पडले, आमच्यासारखे लोक आले आणि कायोटीही परत आला. म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोर दोन्ही झालंय.

पण तेव्हा ते सगळा मुलूख एकदिलानं करत होता. अकरा एकरांवर एकटीनं करून काय होणार? कॅलिफोर्नियात १९७५ साली दोन संशोधकांनी हिशेब मांडला होता: दरवर्षी ७५ टक्के कायोटी मारले तरी ते संपायला पन्नासेक वर्षं लागतील. जोडी आपला इलाका राखते. ती मारली की इलाका मोकळा होतो आणि कुणी तरी नवं येऊन बसतं. त्याला आमच्या शेळ्यांची चव माहीत असेल का नाही, कोण जाणे.

नवऱ्याचं म्हणणं, "नवा येईपर्यंत तर निवांत राहू." त्यात तथ्य आहे. ज्या कायोटीनं एकदा करडू मारलंय त्याच्यावर नेम धरणं आणि दिसेल त्याला मारणं यात फरक आहे, हेही खरं. काउंटीचा ट्रॅपर असतो, तो तेच करतो. त्याचा नंबर फ्रिजवर लावलाय.

मी म्हटलं, चौदा फटी आधी बुजवू. त्या उघड्या ठेवून बंदूक घेणं म्हणजे आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं.

आजोबा (माझे, माण तालुक्यातले) मेंढरांना रात्री वाघरात घ्यायचे. खुंट्यांना बांधलेलं सुताचं जाळं, एवढंच. लांडगे समोरच्या माळावर. पण रोज रात्री घ्यायचे आणि रोज मोजायचे, ताप आला तरी.

२४ फेब्रुवारी, शनिवार

तेरा फटी झाल्या. काही ठिकाणी दगड, काही ठिकाणी जाळीचा पट्टा खाली हॉगरिंगनं (तारेच्या दाबायच्या कड्यांनी) जोडून बाहेर आडवा. ओढ्यावरची राहिली कारण तिथं घट्ट काही बसवलं तर पहिल्या पुरात गवत-काटक्या अडकून सगळं कुंपण वाहून जाईल. इथं ओढे वर्षभर कोरडे आणि तासाभरात छातीभर. शेवटी वर जाड केबल आणि तिला लोंबकळणारी पॅनेलं: पाणी आलं की उचलली जातात, ओसरलं की खाली. प्रत्येक पॅनेलच्या खाली साखळीचे तुकडे. दिवसभर गेला.

१६ मार्च, शनिवार

झटक्याचं काम. अकरा एकर विजेनं वेढायचे नाहीत. रात्रीचा दोन एकरांचा भाग, गोठा धरून, साधारण १,२०० फूट. आहे त्या जाळीच्या बाहेर आठ इंच अंतरावर दोन तारा, एक जमिनीपासून सहा इंचांवर (खणणाऱ्याच्या नाकासाठी) आणि एक मध्ये. तिसरी जाळीच्या वर, कारण कायोटी उडी मारण्यापेक्षा वर पाय टेकवून चढतो. यंत्र दोन ज्यूलचं, सेकंदाला एक ठोका.

संध्याकाळी चालू केलं. मीटर २,६०० व्होल्ट. निदान पाच हजार पाहिजेत. जाड केसांच्या प्राण्याला अडीच हजारांनी गुदगुल्या होतात.

दादाला व्हिडिओ कॉल केला. त्याच्याकडं मक्याला रानडुकरांसाठी सौर झटका मशीन आहे, चार वर्षं झाली. त्यानं तारा बघितल्याच नाहीत, पहिला प्रश्न, "अर्थिंग किती खोल घेतलंस?"

"दोन फूट."

"दोन फूट? अगं, तुळस लावतेस का?"

दोष जमिनीचा आहे. वर चार बोटं माती, खाली कॅलिची, म्हणजे आपल्याकडं मुरमात चुनखडी घट्ट बसावी तसं, आणि त्याखाली चुनखडकाची अखंड फरशी. पहार मारली की ठिणगी उडते. आणि झटका यंत्राचं अर्धं काम जमिनीत असतं: ठोका तारेतून जनावरात, जनावराच्या पायांतून मातीत, मातीतून अर्थिंगच्या सळीकडं, तिथून परत यंत्रात. तो फेरा पुरा झाला नाही तर तार नुसती तार. माती कोरडी खडक असेल तर दहा हजारांचं यंत्रही फुकट.

दादा म्हणाला मीठ-कोळसा भर आणि पाणी घाल. मिठानं सळी गंजते, म्हणून ते नको म्हटलं. "मग तू शहाणी," म्हणाला, पण फोन ठेवला नाही.

१७ मार्च, रविवार

हॅमर ड्रिल भाड्यानं आणलं. गोठ्याच्या उत्तरेला छपराचं पाणी गळतं तिथं माती जरा खोल आणि ओली. सहा फुटी गॅल्व्हनाइज्ड सळ्या तीन, एकमेकींपासून दहा फुटांवर, भोकात बेंटोनाइटची चिकणमाती कालवून. ती पाणी धरून ठेवते आणि सळीला बिलगते. तिसऱ्या सळीला पावणेपाच फुटांवर खडक लागला, तिथंच थांबले.

मग दादानंच सांगितलेली तपासणी. यंत्रापासून तीनशे-साडेतीनशे फुटांवर लोखंडी खुंट्या तारेला टेकवून मुद्दाम शॉर्ट करायचं, तारेचा दाब दोन हजारांखाली आणायचा, आणि मग मीटर अर्थिंगच्या सळीला लावायचा. तिथं काहीच दिसू नये, फार तर दोनतीनशे. काल तिथं ९०० होते. आज २००. खुंट्या काढून तारेवर मोजलं: ६,८००.

तरी कोरड्या दिवसांसाठी युक्ती म्हणून जाळीही अर्थिंगला जोडली. म्हणजे गरम तार आणि जाळी यांना एकदम अंग लागलं तर मातीची वाटच बघायला नको.

लेकानं गवताच्या काडीनं तार शिवून पाहिली. मग बोटानं. मी बघत होते, थांबवलं नाही.

८ एप्रिल, सोमवार

खग्रास सूर्यग्रहण, आमच्या घरावरून. ढग होते, मध्येमध्ये फट. ऑस्टिनहून दोन कुटुंबं आली होती, अंगणात खुर्च्या, डोळ्यांना चश्मे. दीड वाजून गेल्यावर अंधारायला लागलं तशा कोंबड्या एकामागून एक खुराड्याकडं निघाल्या, अगदी शिस्तीत. शेळ्या गोठ्याच्या तोंडाशी जाऊन उभ्या. सगळे वर बघत होते, मी दरवाज्याकडं. कारण उजेडावर चालणारा तो शहाणा दरवाजा खाली यायला लागला. चार कोंबड्या आत, सात बाहेर. त्या सात जणी बंद दाराशी येऊन थांबल्या आणि माझ्याकडं बघायला लागल्या.

अंधार अडीचेक मिनिटांचा. दरवाजा परत उघडायला वीस मिनिटं लागली.

हसलो खूप, पण रात्री विचार आला: दाट ढगांच्या दिवशी संध्याकाळी हेच झालं तर सात कोंबड्या रात्रभर बाहेर, आणि मी तेव्हा बघत नसणार. दरवाजा घड्याळावर केला. दर रविवारी वेळ बदलायची, सूर्यास्तानंतर अर्धा तास. ही नोंद कॅलेंडरवर.

ग्रहण सुटल्यावर आईनं फोनवर विचारलं, "आंघोळ केली का?" उद्या पाडवा. गुढी कुठं उभारायची तर कुंपणाच्या टी-पोस्टला, दुसरी सरळ काठी नाही घरात.

२७ एप्रिल, शनिवार

मंजुळा आली. गाढवीण, सहा वर्षांची, राखाडी, पाठीवर काळी रेघ. आवाज ऐकल्यावर लेकानं नाव ठेवलं.

कुत्र्याचा विचार झाला होता, ग्रेट पिरेनीज. पण ते रात्रभर भुंकतात हे त्यांचं कामच आहे, आणि माझी पहिली मीटिंग सकाळी सातला असते. गाढवाला कुत्र्याच्या जातीचाच मुळात राग. फक्त एकच आणायचं, दोन आणली तर ती आपसांत रमतात, शेळ्यांकडं बघत नाहीत. आणि मादी किंवा खच्ची केलेला नर. नुसता नर करडांना लाथ मारून मारू शकतो.

एक गोष्ट मोठ्या अक्षरात: शेळ्यांच्या खुराकात मोनेन्सिन असतं, करडांना कॉक्सिडिया (आतड्यातले, हगवण लावणारे परजीवी) होऊ नयेत म्हणून. ते गाढवाला, घोड्याला विष आहे, थोडंही. विकणाऱ्या बाईंनी हे सांगितलं नाही. पशुवैद्यांनी सहज "खायला काय घालता?" विचारलं म्हणून कळलं. औषधी खुराकाच्या दोन गोण्या परत केल्या, साधा आणला. करडांना जास्त लक्ष द्यावं लागेल.

त्यांनी मंजुळाला रेबीजची लसही दिली. माझ्या आईला इकडची सगळ्यात मोठी भीती तीच: पिसाळलेला कोल्हा. डॉक्टर म्हणाले, तिची भीती जुनी पण खोटी नाही. १९८८ पासून दक्षिण टेक्सासात कायोटी आणि कुत्र्यांमध्ये रेबीजची साथ होती. १९९५ पासून विमानांतून लसीची आमिषं टाकायला लागले, माशाच्या भुकटीच्या वासाची. कायोटींनी ती खाल्ली आणि साथ हटली. २००७ मध्ये कुत्र्यांच्या त्या प्रकारच्या रेबीजपासून देश मुक्त जाहीर झाला. स्कंक आणि वटवाघळांचा रेबीज आहेच, म्हणून लस चुकवायची नाही. आईला सांगितलं, "कोल्ह्यांना विमानातून लस देतात." ती म्हणाली, "आमच्या दवाखान्यात माणसाला मिळंना."

मंजुळा शेजारच्या वाड्यात, मध्ये जाळी. निदान महिनाभर नुसती तोंडओळख.

१९ मे, रविवार

आता त्यांची पिल्लं बिळाबाहेर यायला लागली असणार. भुकेली तोंडं वाढतात आणि दिवसाढवळ्याही शिकार होते. कॅमेऱ्यात याच महिन्यात सर्वांत जास्त चित्रं: एक मादी, दूध पाजणारी, बरगड्या दिसणारी, रोज पहाटे पाच ते सहा. ओढ्याच्या पॅनेलांपाशी येते, साखळ्या हुंगते, जाते. लेक तिला 'पाचची लोकल' म्हणतो.

आज मीटर २,१००. काळजात धस्स झालं. दोष यंत्राचा नव्हता, गवताचा. महिनाभराच्या पावसानं खालच्या तारेला गवत टेकलं आणि प्रत्येक पातं थोडं थोडं पीत होतं. चार तास ट्रिमर. मग ६,४००. सहा इंचांवरची तार सगळ्यात महत्त्वाची आणि तिचीच निगा सगळ्यात जास्त. दर पंधरा दिवसांनी कापणं, पर्याय नाही.

मंजुळा शेळ्यांत सोडली. पहिल्या दिवशी तिनं चांदणीला चावलं, दुसऱ्या दिवशी चांदणीनं तिचा चारा खाल्ला. मिटलं.

२० जुलै, शनिवार

कुंपणाबाहेर घराच्या मागं टरबुजाचे वेल लावले होते, नऊ फळं. आज सकाळी पाच फोडलेली. कुणी पायानं तुडवलेली नाहीत, नीट वरून भोक पाडून लाल गर चाटून खाल्लेला, साली नावेसारख्या पडलेल्या. शेजारी विष्ठा, तिच्यात टरबुजाच्या बिया आणि टेक्सास पर्सिमनच्या.

आईला फोटो पाठवला. तिचा आवाज आला, खुदखुदत: "कोल्हा काकडीला राजी." आयुष्यभर ही म्हण ऐकली, कधी वाटलं नाही की कुणीतरी ती बघून केली असेल.

नवऱ्याला टरबुजांचं वाईट वाटलं. मी उरलेली चारही पिकू दिली आणि काढली नाहीत. अर्थात, हे बरोबर की चूक याबद्दल मला खात्री नाही. घराजवळ खायला मिळतं असं शिकवणं म्हणजे सवय लावणं. कोंबड्यांचं खाद्य, मांजराची वाटी, झाडाखाली पडलेली फळं रात्री ठेवायची नाहीत हे पहिलं पथ्य. दोन दिवसांनी शहाणपण आलं, फळं काढली. वेल पुढच्या वर्षी कुंपणाच्या आत.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती. तीस माणसं. कुंपणाला हात लावू नका असं सगळ्यांना सांगितलं. चौघांना बसला, चौघंही इंजिनियर.

रात्री शेळ्या मोजल्या: सात, एक, आठ, आणि मंजुळा. आरतीच्या आधी.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. शेजारच्या आजोबांचा सकाळी फोन, त्यांची चार करडं गेली, तीन जखमी. त्यांचं म्हणणं कायोट. उन्हाळ्यात त्यांनी ओढ्याच्या पलीकडची जोडी मारली होती. तेव्हापासून आमच्या कॅमेऱ्यात 'पाचची लोकल' नाही. सप्टेंबरपासून दोन नवे, अंगानं लहान, बहुतेक याच वर्षीचे. शरदात तरुण पोरं घर सोडून जागा शोधत फिरतात.

मी गेले. या वेळी सुरी मी नेली होती, पण लागली नाही. मागच्या मांड्या फाटलेल्या, एकीचा कान नाही, शेपूट तुटलेली, घसे शाबूत. एकही करडू खाल्लेलं नाही. गोठ्याच्या भिंतीपाशी मातीत ठसे गोल, नखं फाकलेली, दोन आकारांचे. आजोबा बराच वेळ त्या ठशांकडं बघत उभे राहिले. मग म्हणाले, रस्त्याच्या टोकाला नवीन घर झालंय, त्यांची दोन कुत्री रात्री मोकळी असतात.

फेब्रुवारीत यांनीच मला हे शिकवलं होतं. त्यांनी ठसे बघितले नव्हते, कारण या वेळी त्यांना बघायची गरजच वाटली नव्हती. मी काही बोलले नाही. जखमी करडांना टाके घालायला पशुवैद्य येईपर्यंत एकेकीला मांडीवर धरून बसलो, त्यांनी एक, मी एक, लेकानं एक. निघताना त्यांना आपट्याची पानं द्यायची राहून गेली. आपटा इथं नाहीच, आम्ही रेडबडची पानं घेतो, तो आपट्याचा लांबचा नातेवाईक आहे.

त्या घरी ते स्वतः जाऊन बोलले. काय बोलले ते सांगितलं नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

कॅमेऱ्यात रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांची चित्रफीत, एकोणीस सेकंद. नव्या दोनांपैकी एक रात्रीच्या वाड्याच्या कोपऱ्याशी आला. आधी जाळीच्या बाजूनं चालला, थांबला, कान पुढं. आत मंजुळा अंधारात उभी, कान तिचेही पुढं, हलत नाही. मग त्यानं मान खाली घातली आणि खालच्या तारेला नाक लावलं, हुंगायला. तो हवेत उडाला म्हणावं इतका मागं फेकला गेला, आवाज नाही, फक्त धूळ. पाच-सहा फुटांवर उभा राहून त्यानं नाक पुढच्या पायावर दोनदा घासलं. तारेकडं बघितलं. नंतर तार सोडून चांगली दोन मीटर लांबून पूर्ण वळसा घातला आणि ओढ्याकडं गेला.

मंजुळा त्याच्या मागोमाग आतून कुंपणाच्या कडेकडेनं चालत गेली, शेवटच्या खांबापर्यंत.

दादाला पाठवली. त्याचं उत्तर: "अर्थिंग."

आज: नैऋत्य कोपऱ्यातला फुटलेला इन्सुलेटर बदलला. मीटर ६,६००. रविवारी घड्याळ मागं गेलंय, खुराड्याच्या दरवाज्याची वेळ अजून जुनीच आहे, संध्याकाळच्या आत बदलायची.